‘माइल्ड पीएच’ एवढेच लिहिले आहे, मग कॅथेटर कशासाठी?

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. आईला नऊ वर्षांपासून सिस्टेमिक स्क्लेरोसिस (स्क्लेरोडर्मा) आहे. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात, बोटांची आणि तोंडाभोवतीची कातडी घट्ट झाली आहे, चेहऱ्यावर बारीक लाल ठिपके आहेत. रक्तात अँटी-सेंट्रोमिअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे. निफेडिपिन (बोटांतील रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) आणि पित्ताची गोळी रोज चालू आहे. संधिवाततज्ज्ञ दरवर्षी टू-डी इको, पीएफटी (फुप्फुसांची कार्यक्षमता तपासणी) आणि रक्ततपासणी करायला लावतात. मागच्या वर्षीचा इको नॉर्मल होता. या वर्षी ‘टीआर व्हेलॉसिटी २.९ मीटर प्रतिसेकंद, पीएएसपी ३९, माइल्ड पीएच’ (पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसातील रक्तदाब किंचित वाढलेला) असे आले आहे. एफव्हीसी ८८ टक्के आहे. डीएलसीओ ५२ टक्के आहे, तो गेल्या वर्षी ६१ आणि त्याआधी ६८ होता. एनटी-प्रोबीएनपी ३४० आले, गेल्या वर्षी १६० होते. हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.२ वर आले आहे. आता डॉक्टर राइट हार्ट कॅथेटरायझेशन (शिरेतून नळी घालून फुप्फुसातील दाब थेट मोजण्याची तपासणी) करा म्हणतात. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या आणि सहा महिन्यांनी इको पुन्हा करा. आणखी एका डॉक्टरांनी कॅथेटरची गरज नाही, सिल्डेनाफिल (फुप्फुसातील धमन्या सैल करणारी गोळी) लगेच सुरू करा, असे सांगितले. आई म्हणते, मला दम लागतच नाही. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजारच्या काकूंशी बोलते, एवढेच. संध्याकाळी पाय थोडे सुजतात. नवरात्रात तिला सप्तशृंगी गडावर जायचे आहे. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आपण सर्व आकडे, तेही मागील वर्षांच्या आकड्यांसह, लिहून पाठवले याबद्दल प्रथम आभार मानतो. अनेक पत्रांत फक्त ‘इको नॉर्मल आहे’ किंवा ‘पीएफटी ठीक आहे’ असे एक वाक्य असते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. आपल्या पत्रावरून बरेच सांगता येते. आधी उत्तर देतो आणि मग त्यामागची कारणे : तुमच्या संधिवाततज्ज्ञांचे म्हणणे मला योग्य वाटते. राइट हार्ट कॅथेटरायझेशन करून घ्यावे, ते सहा महिने पुढे ढकलू नये आणि ते होईपर्यंत सिल्डेनाफिल सुरू करू नये. लोहाचा उपचार मात्र आजच सुरू करण्यास काही हरकत नाही, किंबहुना तो करायलाच हवा. फक्त त्यासाठी बाकीचे थांबवू नये.

सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये कातडीइतकाच, किंबहुना कातडीपेक्षा अधिक, बारीक रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. तुमच्या आईंची बोटे थंडीत पांढरी पडतात ते बोटांतील बारीक धमन्या आकुंचन पावल्यामुळे. काही रुग्णांमध्ये फुप्फुसातील बारीक धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत जातात, त्यांची पोकळी अरुंद होते आणि त्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्याला अधिकाधिक जोर लावावा लागतो. हा फुप्फुसाच्या धमन्यांमधील वाढलेला रक्तदाब, म्हणजे पीएएच होय. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाशी त्याचा थेट संबंध नाही, आणि दंडावरचा दाब अगदी व्यवस्थित असतानाही हा वाढलेला असू शकतो. सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या साधारण दर दहा रुग्णांपैकी एकाला हा त्रास कधी ना कधी होतो. ज्यांचा आजार अनेक वर्षांचा आहे, ज्यांच्या कातडीचा घट्टपणा हात आणि चेहरा यांपुरता मर्यादित आहे, ज्यांच्या अंगावर लाल ठिपके आहेत आणि ज्यांची अँटी-सेंट्रोमिअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, त्यांच्यात तो अधिक आढळतो. आपण केलेले आईंचे वर्णन या यादीशी बहुतांशी जुळते. ‘कातडीचा आजार सौम्य आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही’ असे नातेवाईक नेहमी म्हणतात. फुप्फुसातील दाबाच्या बाबतीत हा दिलासा खरा ठरत नाही.

‘दम लागत नाही’ या वाक्याकडे जरा थांबून पाहू. आपण सहज लिहून गेला आहात की आई दुसऱ्या मजल्यावर थांबून काकूंशी बोलतात. पाच वर्षांपूर्वी, भाजीच्या पिशव्या हातात असताना, त्या तशाच थांबत होत्या का? आता पिशव्या वर कोण आणते? बाजार, देऊळ, नातेवाइकांकडे जाणे यांतले काय काय त्यांनी गेल्या दोन वर्षांत ‘कंटाळा येतो’ म्हणून सोडून दिले? हा दम फार हळूहळू वाढतो आणि माणूस आपली हालचाल तेवढीच हळूहळू कमी करत जातो, त्यामुळे त्याला स्वतःला दम जाणवतच नाही. गुडघे दुखतात, वजन वाढले, वय झाले, ही उत्तरे घरात तयार असतातच. म्हणून मी रुग्णाला ‘दम लागतो का’ असे विचारण्यापेक्षा ‘गेल्या दिवाळीत जे करत होता त्यातले आता काय करत नाही’ असे विचारणे पसंत करतो, आणि शक्य तेव्हा ते मुलीला किंवा सुनेलाही वेगळे विचारतो. वाकून लादी पुसताना किंवा चपलेचा पट्टा लावताना दम लागणे, जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधड होणे यांविषयीही आईंना स्पष्ट विचारा आणि उत्तर तज्ज्ञांना कळवा. चालताना किंवा चढताना एकदाही शुद्ध हरपली असेल, तर ती गोष्ट अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी सांगायची आहे.

आता अहवालांकडे वळू. इकोमध्ये फुप्फुसातील दाब प्रत्यक्ष मोजला जात नाही, त्याचा अंदाज केला जातो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून थोडे रक्त मागे गळते, त्या रक्ताचा वेग म्हणजे तुमच्या अहवालातील टीआर व्हेलॉसिटी. त्या वेगाच्या वर्गाला चारने गुणून त्यात उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) दाबाचा अंदाज मिळवला की पीएएसपी, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतील दाबाचा अंदाज, मिळतो. आईंच्या बाबतीत २.९ चा वर्ग ८.४१, चारपट सुमारे ३४, त्यात ५ मिळवले की ३९. म्हणजे ३९ हा आकडा २.९ याच मोजणीतून निघालेला आहे. दोन आकडे दिसतात म्हणून दोन पुरावे आहेत असे समजू नये. ही गळती सर्वांमध्ये नीट दिसतेच असे नाही. काहींमध्ये ती इतकी अंधुक असते की वेग मोजताच येत नाही आणि मग अहवालात ‘नो पीएच’ असे लिहिले जाते. मोजता न आलेला दाब आणि नॉर्मल असलेला दाब यांत फार मोठा फरक आहे. मागच्या वर्षीच्या ‘नॉर्मल’ अहवालात टीआर व्हेलॉसिटीचा आकडा लिहिलेला आहे की नाही, हे आधी पाहून घ्या.

सध्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेग २.८ किंवा त्याहून कमी असेल आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताणाची इतर लक्षणे नसतील तर शक्यता कमी, २.९ ते ३.४ या पट्ट्यात मध्यम आणि ३.४ च्या वर अधिक मानतात. पण मधल्या पट्ट्यातील रुग्णाचा उजवा कप्पा फुगलेला असेल, किंवा ताणाच्या अशा इतर खुणा असतील, तर तोही अधिक शक्यतेच्या गटात जातो. म्हणून इको करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस, पीएएचसाठी तपासणी’ असे लिहून न्यावे आणि उजव्या अलिंदाचे क्षेत्रफळ, उजव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) आकार, टीएपीएसई (हा कप्पा किती जोमाने आकुंचन पावतो याचे माप) आणि हृदयाभोवती पाणी आहे का, या गोष्टी अहवालात लिहिण्याची विनंती करावी. चिठ्ठीवर नुसते ‘टू-डी इको’ असेल, तर आपल्याकडे बहुतेक वेळा डाव्या बाजूचा पंपिंगचा टक्का पाहिला जातो, ‘एलव्हीईएफ ६० टक्के’ असे ठळक अक्षरांत छापले जाते आणि तेवढ्यावर घरचे निश्चिंत होतात. या आजारात तो टक्का उत्तम असतानाही उजवी बाजू थकत असू शकते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा डीएलसीओचा आहे. फुप्फुसाच्या हवेतून रक्तात वायू किती सहजपणे जातो, याचे हे माप आहे. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने किती हवा बाहेर सोडता येते ते. ते ८८ टक्के म्हणजे चांगले आहे. हवा भरपूर मावते, पण ती रक्तात नीट जात नाही, असे चित्र दिसले की रक्तवाहिन्यांवर संशय येतो. म्हणून एफव्हीसीच्या टक्क्याला डीएलसीओच्या टक्क्याने भागून मिळणारे गुणोत्तर पाहतात, ते १.६ च्या वर गेले की आम्ही सावध होतो. ८८ भागिले ५२ म्हणजे जवळपास १.७.

येथे तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या म्हणण्यातील तथ्य मान्य करायला हवे. हिमोग्लोबिन कमी असले की डीएलसीओ खोटाच कमी दिसतो, कारण वायू पकडायला रक्तात तांबड्या पेशीच कमी असतात. ही चूक दुरुस्त करण्याचे सूत्र उपलब्ध आहे आणि चांगल्या पीएफटी प्रयोगशाळा ते वापरतात, मात्र त्यासाठी तपासणीच्या वेळी त्यांना ताजे हिमोग्लोबिन सांगावे लागते. स्त्रियांसाठीचे सूत्र लावून मी हिशेब केला : १०.२ हिमोग्लोबिनला ५२ टक्क्यांचे सुमारे ५९ होतात आणि गुणोत्तर दीडवर येते. म्हणजे घसरणीचा काही भाग खरोखरच रक्त कमी असल्यामुळे आहे. पण गेल्या वर्षीचा ६१ हा आकडा ११.८ हिमोग्लोबिनला दुरुस्त केला की तोही वाढून सुमारे ६४ होतो. तेव्हा दुरुस्तीनंतरही उतार शिल्लक राहतोच. अर्थात, हे आकडे छापील अहवालात आधीच दुरुस्त केलेले नाहीत असे मी गृहीत धरले आहे. अहवालाच्या तळाशी ‘एचबी करेक्टेड’ असे लिहिले आहे का, ते पाहून घ्या.

पीएफटीविषयी आणखी दोन गोष्टी सांगतो. तोंडाभोवतीची कातडी घट्ट असलेल्या रुग्णांना मशीनची नळी ओठांत घट्ट धरता येत नाही, कडेने हवा निसटते आणि आकडे खाली येतात. तंत्रज्ञांना आधीच सांगितले तर ते लहान तोंडाची नळी देतात किंवा ओठांच्या कडा बोटांनी दाबून धरायला मदत करतात. दुसरे म्हणजे, घराजवळच्या अनेक डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ‘पीएफटी’ या नावाने नुसती स्पायरोमेट्री होते, तीत डीएलसीओ नसतो. वाशीला किंवा ठाण्याला जाण्याआधी फोन करून ‘डीएलसीओ होतो का’ एवढे विचारून घेतले तर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतला एक हेलपाटा वाचेल. शक्य असेल तर दरवर्षी एकाच ठिकाणी तपासणी करावी, कारण दोन मशीनच्या आकड्यांत फरक पडतो आणि आपल्याला उतार पाहायचा असतो.

एनटी-प्रोबीएनपी हे ताणलेल्या हृदयातून रक्तात उतरणारे द्रव्य आहे. ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांच्या गटाने स्क्लेरोडर्माच्या रुग्णांसाठी आखलेल्या पद्धतीत २१० ही सीमा धरलेली आहे. आईंचे मूल्य त्याच्या वर आहे आणि वर्षभरात दुपटीहून अधिक झाले आहे. वय, मूत्रपिंडाचे काम मंदावणे आणि डाव्या हृदयाचे दोष यांमुळेही ते वाढते, म्हणून क्रिएटिनिन सोबत पाहावे. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन निरनिराळ्या तपासण्या आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. लॅब बदलली की हा घोळ होतो.

यांतली प्रत्येक तपासणी एकेकटी घेतली तर तिच्यावर शंका घ्यायला जागा आहे आणि प्रत्येकीचे दुसरे एखादे कारण सांगता येते. तुमच्या घरी नेमके हेच झाले आहे : एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिले, दुसऱ्यांनी इको पाहिला. संधिवाततज्ज्ञांनी सगळे एकत्र आणि मागच्या दोन वर्षांशेजारी ठेवून पाहिले, म्हणून त्यांचे उत्तर वेगळे आले. ‘डिटेक्ट’ या नावाच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासाने हीच गोष्ट आकड्यांत दाखवली. तीन वर्षांहून अधिक काळ आजार असलेल्या आणि डीएलसीओ ६० टक्क्यांखाली असलेल्या ४६६ रुग्णांचे त्यात कॅथेटरायझेशन करण्यात आले. त्यांपैकी ८७ जणांच्या, म्हणजे १९ टक्के रुग्णांच्या, फुप्फुसाच्या धमन्यांमध्ये दाब वाढलेला निघाला. प्रामुख्याने इकोवर भिस्त ठेवणाऱ्या तेव्हाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गेलो असतो तर या रुग्णांपैकी २९ टक्के निसटले असते. त्या अभ्यासातून तयार झालेल्या गुणपद्धतीने फक्त ४ टक्के निसटले. या पद्धतीत पहिल्या टप्प्याला एफव्हीसी-डीएलसीओ गुणोत्तर, लाल ठिपके, अँटी-सेंट्रोमिअर, एनटी-प्रोबीएनपी, रक्तातील युरिक अॅसिड आणि ईसीजीतील उजवीकडे झुकलेला अक्ष असे सहा घटक पाहतात. त्यांची बेरीज ठरावीक सीमेपलीकडे गेली तरच दुसऱ्या टप्प्याला इकोचे दोन आकडे विचारात घेतात. इकोचा क्रम दुसरा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. आईंचे युरिक अॅसिड आणि ईसीजी आपण कळवलेले नाहीत. दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत आणि जवळच होतात. त्या करून घेतल्या की तुमच्या डॉक्टरांना हा हिशेब संगणकावर काही मिनिटांत मांडता येईल. त्या पद्धतीत अधिक लोकांना कॅथेटरसाठी पाठवले जाते आणि त्यांतील बऱ्याच जणांचे निदान नकारार्थी येते, हेही खरे. ती किंमत मला रास्त वाटते.

कॅथेटरची धास्ती मी समजू शकतो, कारण ‘कॅथलॅब’ म्हटले की आपल्याकडे अँजिओग्राफी, स्टेंट आणि लाखांचे बिल डोळ्यांपुढे येते. ही तपासणी वेगळी आहे. अँजिओग्राफीत धमनीतून शिरून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय सोडतात. येथे मानेतील, कोपरातील किंवा जांघेतील शिरेतून एक बारीक, मऊ नळी हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत नेतात, आणि दाब थेट मोजतात. जागा बधिर करतात. रुग्ण जागा असतो आणि बोलू शकतो. नुसते दाब मोजायचे असतील तर डायची सहसा गरज पडत नाही. अनुभवी केंद्रांतील ७,२१८ कॅथेटरायझेशनचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर गुंतागुंत १.१ टक्का आणि मृत्यू चार, म्हणजे ०.०५५ टक्के होते. धोका शून्य नाही, पण अनिश्चिततेत काढलेल्या सहा महिन्यांच्या धोक्याशी तो ताडून पाहावा. रुग्णालय निवडताना इमारतीकडे किंवा जाहिरातीकडे न पाहता, ‘तुमच्याकडे वेज प्रेशर, कार्डियाक आउटपुट आणि पीव्हीआर यांसह राइट हार्ट स्टडी नियमित होते का’ हा प्रश्न विचारावा. (वेज प्रेशरवरून हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज येतो, कार्डियाक आउटपुट म्हणजे हृदय दर मिनिटाला किती रक्त पंप करते ते, आणि पीव्हीआर म्हणजे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा रक्तप्रवाहाला होणारा अडथळा.) नुसता ‘पीए प्रेशर’ लिहून दिलेला अहवाल अर्धाच असतो. कॅथलॅब अतिशय थंड असते. हातमोजे, पायमोजे आणि पांघरूण सोबत न्यावे आणि बोटे निळी पडतात हे नर्सताईंना आधी सांगावे. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा थंड बोटांवर खोटे आकडे दाखवतो, त्यामुळे तो कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावण्याजोगा असावा. हीच गोष्ट कोरोनाच्या काळात घरोघरी घेतलेल्या ऑक्सिमीटरची. थंड बोटावर ८८ दिसले म्हणून धावपळ करू नये, हात चोळून गरम करून पुन्हा पाहावे.

कॅथेटरने सरासरी दाब २० च्या वर, वेज प्रेशर १५ किंवा त्याखाली आणि पीव्हीआर २ वुड युनिटच्या वर आढळला, तर निदान पक्के होते. पूर्वी ही सीमा २५ होती. २०१८ साली फ्रान्समध्ये नीस येथे झालेल्या जागतिक परिषदेत ती २० वर आणण्याचे सुचवले गेले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती स्वीकारून पीव्हीआरची सीमाही खाली आणली. जुन्या अहवालांशी तुलना करताना हे माहीत असावे.

वेज प्रेशर इतके महत्त्वाचे का, हे सांगितले की सिल्डेनाफिल लगेच का नको, हेही उलगडेल. स्क्लेरोडर्मामध्ये फुप्फुसातील दाब वाढण्याची वाट एकच नसते. धमन्या अरुंद झाल्याने तो वाढतो; हृदयाची डावी बाजू ताठर झाल्याने रक्त मागे तुंबूनही वाढतो, आणि तेव्हा वेज प्रेशर १५ च्या वर असते; फुप्फुसात वण पडून ते आक्रसल्यानेही वाढतो, म्हणून एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) पाहावा लागतो; जुन्या गुठळ्यांमुळेही वाढतो, त्यासाठी व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते ते दाखवणारा) असतो. या सर्वांत इको ‘माइल्ड पीएच’ एवढेच सांगणार. धमन्या सैल करणारी गोळी पहिल्या प्रकारात उपयोगी आहे. डाव्या हृदयाच्या प्रकारात तिचा फायदा दिसलेला नाही, आणि फुप्फुसातील बारीक शिराच बुजण्याचा जो एक प्रकार या आजारात अधूनमधून दिसतो, त्यात तशा गोळ्यांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. शिवाय गोळी चालू झाल्यावर केलेल्या कॅथेटरचे आकडे बदललेले येतात, आणि मुळात काय होते ते मग कायमचे कळेनासे होते. सिल्डेनाफिल स्वस्त आहे, सहज मिळते, म्हणून ‘देऊन तर पाहू’ असा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. मात्र बोटांच्या जखमांसाठी ही गोळी आधीपासूनच चालू असलेल्या वाचकांनी हे वाचून ती स्वतःहून बंद करू नये. ती चालू आहे, एवढे कॅथेटर करणाऱ्यांना सांगावे.

एक धोक्याची गोष्ट येथेच नोंदवतो. आपल्याकडे अनेक घरांत छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट ठेवलेले असते. पुढे आईंना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल सुरू झाले, तर सॉर्बिट्रेट त्यांच्यासाठी पूर्ण वर्ज्य आहे. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो. शेजारपाजाऱ्यांनी प्रेमाने दिलेली गोळीही नको.

निदान पक्के झाले तर उपचार आहेत आणि ते पंचवीस वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळच चांगले आहेत. बोसेंटन, अँब्रिसेंटन, मॅसिटेंटन हा एक गट. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल हा दुसरा. अँब्रिसेंटन आणि टाडालाफिल सुरुवातीपासून एकत्र दिल्यास एकेकट्या गोळीपेक्षा अधिक फायदा होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. यांतील बहुतेक औषधे भारतात जेनेरिक स्वरूपात मिळतात. बोसेंटनवर यकृताची तपासणी दर महिन्याला लागते, आणि या पहिल्या गटातील औषधे गर्भाला घातक असल्यामुळे तरुण रुग्णांना त्याविषयी वेगळे समजावून द्यावे लागते. लवकर शोधण्याने फरक पडतो का, याविषयी फ्रान्समधील २०११ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो : नियमित तपासणीच्या कार्यक्रमातून सापडलेल्या रुग्णांपैकी आठ वर्षांनी ६४ टक्के हयात होते, त्रास झाल्यावर नेहमीच्या रीतीने निदान झालेल्यांपैकी १७ टक्के. दोन्ही गट प्रत्येकी १६ जणांचेच होते, आणि लवकर मोजायला सुरुवात केली की आयुष्य कागदावर लांब दिसते हा आक्षेपही रास्त आहे. तरीही उजवे हृदय थकण्यापूर्वी उपचार सुरू झालेला बरा, याविषयी मला शंका नाही.

रक्त का कमी झाले, हा प्रश्न मात्र लोहाच्या गोळीने संपत नाही. फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप) तपासावे. पित्ताच्या गोळीने लोहाचे शोषण कमी होऊ शकते, आणि स्क्लेरोडर्मामध्ये जठराच्या आतील फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून नकळत रक्त झिरपते, म्हणून एंडोस्कोपीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. पायांच्या सुजेचे कारण निफेडिपिनही असू शकते. ते घेणाऱ्या अनेकांचे पाय संध्याकाळी सुजतात. उजव्या हृदयाचा ताण हे दुसरे कारण. कोणते खरे, ते कॅथेटरनंतर स्पष्ट होईल; तोवर निफेडिपिन मनाने बंद करू नये, बोटांना जखमा होतील, आणि लघवीची गोळीही मनाने देऊ नये.

खर्चाविषयी आपण लिहिले नसले, तरी तो विचार मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटावे आणि ही तपासणी कोणत्या उपचारांतर्गत बसते ते आधी लेखी विचारून घ्यावे. परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयाचाही विचार करावा. तेथे वेळ अधिक जाईल. कुठेही गेलात तरी तिन्ही वर्षांचे इको, पीएफटी आणि रक्ताचे अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून न्या, आणि वर एका कागदावर टीआर व्हेलॉसिटी, एफव्हीसी, डीएलसीओ, एनटी-प्रोबीएनपी, हिमोग्लोबिन असे रकाने पाडून आकडे लिहा. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टर तो कागदच आधी वाचतील.

कॅथेटरमध्ये दाब नॉर्मल निघाला, तर खर्च वाया गेला असे समजू नका. पुढील वर्षांचे आकडे ताडायला पक्का पाया मिळेल. वार्षिक तपासणी मात्र तशीच चालू राहील, आणि मध्येच दम वाढला तर वर्ष भरण्याची वाट पाहायची नाही.

सप्तशृंगी गडाचे म्हणाल तर नवरात्रातील गर्दीत आणि पायऱ्यांवर आईंना नेऊ नये, असे मी सांगेन. गडावर फनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्या टाळता येतात. पण नवरात्रातील रांगेत तासन्‌तास उभे राहणेही सध्या नको. कॅथेटर आधी होऊ द्या, अहवाल हाती येऊ द्या, डॉक्टरांनी होकार दिला की नवरात्र उलटल्यावर गर्दी ओसरलेल्या एखाद्या आठवड्यात ट्रॉलीने जा, आणि वर गारठा असतो म्हणून हातमोजे विसरू नका. तोपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या फेऱ्या दिवसातून एकीवर आणा, पिशव्या तुम्ही उचला आणि दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे एक खुर्ची ठेवायला सांगा.